थिऑसफी: आपलंच 'प्राचीन ज्ञान', पण व्हाया न्यूयॉर्क?

गच्चीवरून

परवा फॅमिली ग्रुपवर एका मावशींनी कोर्सची जाहिरात टाकली, 'आकाशिक रेकॉर्ड' (जगात घडलेल्या सगळ्याची म्हणे अदृश्य नोंदवही) कसे वाचायचे, दोन दिवसांचं ऑनलाइन शिबिर, खाली ठळक अक्षरांत 'आपल्या ऋषीमुनींची हजारो वर्षांची विद्या'. माझं संस्कृत दहावीत संपलं, पण आकाश आणि रेकॉर्ड यांचा समास कुठल्या ऋषींनी केला असेल हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. शोधत गेलो तर ऋषी सापडले! फक्त त्यातल्या एक बाई रशियन, एक अमेरिकन कर्नल आणि एक इंग्लंडातला माजी पाद्री. म्हणजे थिऑसफी. गेले तीन आठवडे मिळेल ते वाचतोय, डोक्यात नुसता काला झालाय, म्हणून हा धागा.

थोडक्यात कथा अशी. हेलेना पेट्रोव्हना ब्लाव्हाट्स्की, जन्म १८३१, येकातेरिनोस्लाव म्हणजे आत्ताच्या युक्रेनमधलं द्निप्रो. कोवळ्या वयात एका बऱ्याच मोठ्या वयाच्या अधिकाऱ्याशी लग्न, काही महिन्यांत नवऱ्याला सोडून पसार, आणि मग वीस-पंचवीस वर्षं जगभर भटकंती. त्यात तिबेटात गुरूंकडे राहून शिकले असं बाई सांगायच्या, पुरावा मागू नका. दुसरे कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट, वकील आणि पत्रकार, अमेरिकेच्या यादवी युद्धात लष्करातले खरेदी घोटाळे शोधून काढणारा माणूस, लिंकनच्या खुनाच्या तपासातही होते. म्हणजे बावळट म्हणावा असा गडी नव्हे. १८७४ साली व्हरमाँटमधल्या एका शेतघरात भुतं दिसतात म्हणून हे वर्तमानपत्रासाठी बातमी करायला गेले आणि तिथे बाईंची गाठ पडली. १७ नोव्हेंबर १८७५ ला न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचं उद्घाटनाचं भाषण झालं. तिसरे विल्यम क्वान जज, तेही वकील. संस्थेला नाव काय द्यायचं यावर खल चालू असताना कोणीतरी डिक्शनरी चाळता चाळता हा शब्द काढला, असं खुद्द ऑल्कॉटच सांगून गेलेत. शब्द जुना ग्रीक, देव अधिक ज्ञान. पुढे आपल्याकडे त्यालाच 'ब्रह्मविद्या' म्हणायला लागले.

आणि १६ फेब्रुवारी १८७९ ला ही जोडी मुंबईच्या धक्क्यावर उतरली. ऑल्कॉटनी काय केलं असेल? खाली वाकून पायरीच्या दगडाचा मुका घेतला. गिरगावात बिऱ्हाड थाटलं. ज्या यजमानांनी वाजतगाजत स्वागत केलं त्यांनीच थोड्या दिवसांनी त्या स्वागताच्या खर्चाचं बिल हातात ठेवलं हा भाग मला फार आवडला :)

तर माझा मुद्दा. कर्म, पुनर्जन्म हे शब्द आपलेच, पण ऑरा (माणसाभोवतीचं तेजोवलय), ॲस्ट्रल बॉडी, सूक्ष्म देहाचे सात थर, आकाशिक रेकॉर्ड, 'हिमालयातले अदृश्य महात्मे जगाचा कारभार बघतात' हे सगळं ज्या रूपात आज आपल्यापर्यंत येतं ते या लोकांच्या मुशीतून निघालेलं आहे. गांधीजींचंच बघा ना, १८८९ च्या सुमारास लंडनमध्ये दोन थिऑसफिस्टांनी त्यांना गीता वाचायला बोलावलं, एडविन अर्नोल्डचं इंग्रजी भाषांतर, आणि गांधीजींना लाज वाटली की आपण ही संस्कृतात सोडा, गुजरातीतसुद्धा वाचलेली नाही. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

जाणकारांनी भर घाला, चुकलो असेन तर कान धरा.

तिरकस

छान धागा, पण एवढं गोड गोड कशाला? सरळ म्हणा की बाई नंबर एकच्या जादूगार होत्या.

सिमल्याचा कपबशीचा किस्सा वाचला असेलच. १८८०, सहल, ऐन वेळी एक पाहुणा वाढला, एक कप कमी, बाई म्हणाल्या इथे खणा, आणि मातीतून त्याच सेटमधला कप आणि बशी! पायोनियर या अलाहाबादच्या पेपरचे संपादक सिनेट तर पार लोळागोळा. मग त्यांना 'कूट हूमी' आणि 'मोर्या' या दोन महात्म्यांची पत्रं यायला लागली, कधी छतातून पडायची, कधी उशीखाली सापडायची. त्यावर त्यांनी पुस्तक काढलं १८८१ मध्ये. आणि तिथेच गोची झाली. अमेरिकेतले हेन्री किडल नावाचे गृहस्थ म्हणाले अहो हे महात्म्याच्या पत्रातलं तत्त्वज्ञान म्हणजे माझ्या भाषणातले उतारे आहेत, शब्दनशब्द! त्यावर महात्म्यांचा खुलासा ऐका: मी सलग ४८ तास घोड्यावर होतो, दमून अर्धवट झोपेत मनातल्या मनात मजकूर सांगितला, लिहून घेणाऱ्या शिष्याकडून काही भाग गळला. हिमालयातले सिद्धपुरुष, आणि कारण काय तर झोप झाली नव्हती. ऑफिसमध्ये मी हे कारण देऊन बघितलंय, चालत नाही.

मग १८८४, कुलों प्रकरण. अड्यारच्या (मद्रासचं, संस्थेचं मुख्यालय) बंगल्यात घरकाम बघणारं जोडपं, एमा आणि ॲलेक्सी कुलों. त्यांनी बाईंची म्हणून पत्रं मद्रासच्या मिशनरी मासिकाला दिली, त्यात चमत्कार कसे घडवायचे याच्या सूचना. ज्या कपाटात महात्म्यांची पत्रं 'प्रकटायची' ते बाईंच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून होतं. लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीने (असल्या अद्भुत दाव्यांची तपासणी करणारी संस्था) रिचर्ड हॉजसनला पाठवलं, तो पोचेपर्यंत ते कपाट भक्तांनीच जाळून टाकलेलं! १८८५ च्या अहवालात निष्कर्ष असा की ही बाई गुप्त ऋषींची दूत नव्हे आणि सामान्य ठगही नव्हे, ही इतिहासातल्या सर्वांत हुशार आणि मजेदार तोतयांपैकी एक आहे. मी म्हणतो यापेक्षा भारी सर्टिफिकेट कोणाला मिळालं असेल?

विषय संपला माझ्या मते.

नवशिका

वाचतोय. 'सायकिकल रिसर्च सोसायटी' म्हणजे भुतं आहेत असं मानणारेच ना? त्यांनीच खोटं ठरवलं म्हणजे कमालच की.

गच्चीवरून

@तिरकस, किडलचा किस्सा टाकल्याबद्दल दंडवत, मी मुद्दाम ठेवला होता कोणीतरी काढेल म्हणून. पण दोन गोष्टी. एक, त्याच संस्थेच्या जर्नलमध्ये १९८६ साली व्हर्नन हॅरिसन या हस्ताक्षरतज्ज्ञाचा लेख आला, त्यात हॉजसनचा अहवाल एकतर्फी आहे, हस्ताक्षराचा पुरावा नीट नाही असं म्हटलंय. त्याने बाई निर्दोष ठरत नाहीत, पण केस वाटते तितकी बंदही नाही. हॉजसनला तर बाई रशियाच्या हेर असाव्यात असाही संशय होता, मुंबईत पोलीस त्यांच्या मागावर असायचेच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. समजा सगळे चमत्कार खोटे. तरी १८८५ नंतर संस्था बंद पडायला हवी होती ना? ती तर वाढली. बाईंचं मुख्य पुस्तक सीक्रेट डॉक्ट्रिन आलंच १८८८ मध्ये, म्हणजे बदनामीच्या तीन वर्षांनंतर! लोक कपबशीसाठी येत नव्हते, दुसऱ्या कशासाठी तरी येत होते. ते काय हे मला शोधायचंय.

जुनी_वही

मी सांगू का कशासाठी येत होते? माझे आजोबा लॉजचे, म्हणजे संस्थेच्या स्थानिक शाखेचे, सभासद होते, घरी या पुस्तकांचं एक आख्खं कपाट होतं (जाळलेलं नाही, @तिरकस). त्यांच्या तोंडून चमत्काराचा एक शब्द कधी ऐकला नाही. दर आठवड्याला सात-आठ माणसं जमायची, एक परिच्छेद वाचायचा आणि दोन तास त्यावर बोलायचं, बस्स. वकील, शिक्षक, पोस्टातले, एक पारशी डॉक्टर. त्या काळात वेगवेगळ्या जातीधर्माच्या माणसांनी एकत्र बसून गीता, धम्मपद आणि बायबल एका टेबलावर ठेवून बोलायचं ही साधी गोष्ट नव्हती हो.

आता शिकवण. मला जेवढी कळली तेवढी सांगते. सगळ्याच्या मुळाशी एकच अव्यक्त तत्त्व. त्यातून विश्व उमलतं, परत मिटतं, पुन्हा उमलतं. माणूस सात तत्त्वांचा: स्थूल शरीर, लिंगशरीर, प्राण, कामरूप, मनस, बुद्धी, आत्मा. खालची चार मरणानंतर विरतात, वरची तीन पुढे जातात. शब्द बघा, सगळे आपले, पण मांडणी आपल्या कुठल्याच एका दर्शनात जशीच्या तशी नाही, वेदान्ताचे पाच कोश वेगळे, सांख्यांची तत्त्वं वेगळी. आणि पुनर्जन्म आहे पण त्याला उत्क्रांतीची दिशा आहे. एकदा जीव माणसाच्या पातळीला आला की परत जनावराच्या जन्माला जात नाही! आपली आजी म्हणायची ना, अन्न टाकलंस तर पुढच्या जन्मी कुत्रा होशील, ते यांच्याकडे बाद. डार्विनच्या काळातल्या माणसाला रुचेल असं कर्म आहे ते, शिक्षेपेक्षा शाळेसारखं, एका वर्गातून पुढच्या वर्गात.

दोन जन्मांच्या मध्ये जीव 'देवाचन' मध्ये विश्रांती घेतो, हजार ते दीड हजार वर्षं. लहानपणी मला वाटायचं देव अधिक काहीतरी असा संस्कृत शब्द असेल. तर नाही! तो तिबेटी शब्द आहे, बौद्धांच्या सुखावतीचा. आजोबांनाही बहुतेक माहीत नव्हतं.

आणखी एक गंमत, जी @गच्चीवरून यांच्या मुद्द्याला थोडी उलटी जाते. बाईंच्या पहिल्या पुस्तकात, १८७७ च्या आयसिस अनव्हेल्डमध्ये, पुनर्जन्म हा नियम नाहीच, तो अपवाद म्हणून येतो. भारतात आल्यानंतरच्या लिखाणात तो पायाचा दगड झाला. म्हणजे इथे येऊन त्या शिकल्या, मग आपल्याला शिकवलं. देवाणघेवाण म्हणा.

गच्चीवरून

@जुनी_वही अहाहा. हे पुनर्जन्माचं माहीत नव्हतं. म्हणजे माल इथून कच्चा गेला, तिकडे शिवून आला असं पण नाही, शिंपीच इथे येऊन राहिला!

नवशिका

प्रश्न: सभासद व्हायला हे सगळं मानावं लागायचं का? सात तत्त्वं, महात्मे वगैरे?

जुनी_वही

नाही. हीच तर खुबी. तीन उद्देश आहेत: वंश, धर्म, लिंग, जात, वर्ण न बघता मानवजातीच्या बंधुत्वाचं केंद्र तयार करणं, धर्म-तत्त्वज्ञान-विज्ञानाचा तौलनिक अभ्यास, आणि निसर्गाचे अज्ञात नियम व माणसातल्या सुप्त शक्ती यांचा शोध. सहानुभूती असली की पुरे. ब्रीदवाक्य 'सत्यान्नास्ति परो धर्मः', हे काशीच्या महाराजांच्या घराण्याचं, तिथून घेतलेलं. त्यामुळे नास्तिकसुद्धा सभासद असायचे. आमच्याकडे एक होते, वाद घालायलाच यायचे :)

तिरकस

मग मी पण होऊ शकतो की.

दगडांच्या_देशा

राजकारणाबद्दल कोणीच बोललं नाही अजून म्हणून खो घेतो.

काँग्रेसचे संस्थापक म्हणून शाळेत शिकलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे सिमल्याच्या त्या थिऑसफिस्ट गोतावळ्यातलेच. त्यांच्या बायकोचा हरवलेला ब्रोच बाईंनी बागेतून 'आणून' दिला होता. पुढे ह्यूम साहेबांचं बाईंशी बिनसलं, पण महात्मे आहेत यावरचा त्यांचा विश्वास लगेच उडाला नाही म्हणे. १८८५ ची मुंबईची पहिली काँग्रेस भरली तेव्हा हा माणूस असल्या सगळ्यातून गेलेला होता. इतिहासाच्या पुस्तकात हा परिच्छेद कधीच नसतो.

आणि ॲनी बेझंट! थिऑसफीत येण्याआधीची बाई बघा, लंडनमधली कट्टर नास्तिक, नास्तिकांचा पुढारी ब्रॅडलॉ याची सहकारी, संततिनियमनाचं पुस्तक छापलं म्हणून खटला, १८८८ मध्ये काडेपेटी कारखान्यातल्या मुलींच्या संपाची पाठराखीण. १८८९ मध्ये सीक्रेट डॉक्ट्रिन परीक्षणासाठी हातात आलं, दोन जाडजूड खंड, आणि वाचून बाई थेट लेखिकेला भेटायला गेल्या नि तिथेच राहिल्या म्हणा. १८९३ ला भारतात, १८९८ ला काशीत सेंट्रल हिंदू कॉलेज, जे पुढे हिंदू विद्यापीठाचं बीज ठरलं. १९०७ ला ऑल्कॉट गेल्यावर संस्थेच्या अध्यक्ष.

होमरूलला तर आपल्याकडचा धागा आहेच. टिळकांची लीग एप्रिल १९१६ ला बेळगावात, बेझंटबाईंची सप्टेंबरमध्ये. वाटणी अशी की टिळकांकडे महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत, वऱ्हाड, आणि उरलेला देश बाईंकडे. पण मुंबई शहर मात्र बाईंकडे! टिळकांकडे मुंबई नाही हे वाचून मी दोनदा चश्मा पुसला. जून १९१७ मध्ये सरकारने बाईंना अरुंडेल आणि बी. पी. वाडिया या सहकाऱ्यांसकट स्थानबद्ध केलं, देशभर गदारोळ झाला, सोडावं लागलं, आणि त्याच वर्षी कलकत्त्याला बाई काँग्रेसच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. दोन वर्षांत गांधी आले, सत्याग्रह आला, बाईंनी विरोध केला आणि लोक त्यांना विसरून गेले. इतक्या झपाट्याने वर आणि इतक्या झपाट्याने खाली, दुसरं उदाहरण पटकन आठवत नाही.

नेहरूंना तेराव्या वर्षी याच बाईंनी संस्थेत घेतलं होतं. घरचे शिक्षक ब्रूक्स थिऑसफिस्ट होते त्यांचा प्रभाव. मोठं झाल्यावर नेहरूंनी त्यातून अंग काढून घेतलं.

मधलाच_कोणीतरी

सगळे इतके रमलेत तर मी जरा मिठाचा खडा टाकतो.

बंधुत्व बंधुत्व म्हणताय, पण सीक्रेट डॉक्ट्रिनमधला 'मूळ वंश' हा प्रकार वाचलाय का कोणी? मानवजातीचे एकामागून एक सात मूळ वंश, तिसरा लेम्युरियातला, चौथा ॲटलांटिसचा (दोन्ही समुद्रात बुडाले म्हणतात ते कल्पित खंड), पाचवा म्हणजे सध्याचा 'आर्य', अजून दोन यायचेत. आणि काही जिवंत माणसांच्या जमाती म्हणजे मागच्या वंशांचे उरलेसुरले अवशेष, विझत चाललेले. बाईंचा 'आर्य' शब्द पुढे झाला तसा नव्हता हे मान्य, त्यात त्यांनी बऱ्याच लोकांना घातलंय. पण पायऱ्यांची उतरंड आहे ती आहेच, आणि ऑस्ट्रियातल्या गीडो फॉन लिस्टसारख्या वंशवादी लोकांनी ती उचलून काय केलं ते शोधा. आपल्याकडच्या सुशिक्षित वरच्या जातींना हे का आवडलं हेही उघड आहे. साहेबाच्या देशातला माणूस येऊन सांगतो की तुमचे पूर्वज थोर, तुम्ही आर्य, तुमचे ग्रंथ विज्ञानाच्या पुढे. कोणाला नको असेल?

पण (हा पण मलाच अडचणीत टाकतो) याच संस्थेतल्या ऑल्कॉटनी १८९४ साली अड्यारजवळ तेव्हाच्या 'पंचमां'साठी, म्हणजे अस्पृश्य ठरवलेल्यांच्या मुलांसाठी मोफत शाळा काढली. आणि तमिळ दलित विचारवंत अयोथी दास १८९८ मध्ये ऑल्कॉटना भेटले, त्यांच्या मदतीने सिलोनला गेले, बौद्ध दीक्षा घेतली आणि मद्रासला शाक्य बौद्ध संघ काढला. बाबासाहेबांच्या नागपूरच्या अठ्ठावन्न वर्षं आधी! ऑल्कॉट स्वतः आणि ब्लाव्हाट्स्की बाईंनी १८८० मध्येच सिलोनमध्ये गॉल या गावी पंचशील घेतलं होतं. आज कोलंबोच्या फोर्ट स्टेशनसमोर या अमेरिकन कर्नलचा पुतळा आहे, त्यांनी लिहिलेली बौद्ध प्रश्नोत्तरी तिथल्या शाळांत चालली.

एकाच घरात उतरंडही आणि ही शाळाही. मला याचा मेळ लावता आलेला नाही.

गच्चीवरून

@मधलाच_कोणीतरी हा प्रतिसाद वाचून माझ्या मूळ लेखातलं एक वाक्य खोडावंसं वाटतंय पण संपादनाची मुदत संपली. 'आपलंच ज्ञान' यातलं आपलं म्हणजे कोणाचं हे मी विचारातच घेतलं नव्हतं.

शेवग्याची_शेंग

जे. कृष्णमूर्तींशिवाय धागा कसा संपेल?

१९०९, अड्यारचा किनारा, लेडबीटर (हेच ते माजी पाद्री, १९०६ मध्ये मुलांशी वागण्यावरून आरोप झाले, बाहेर गेले, मग परत घेतले गेले, हे विसरायचं नाही) यांना एका हडकुळ्या पोराभोवती अजिबात स्वार्थ नसलेला ऑरा दिसला. हाच कृष्णमूर्ती, संस्थेत नोकरी करणाऱ्या नारायणय्यांचा पोरगा. शाळेत मठ्ठ म्हणून मार खाणारा. ठरलं, हाच येणारा जगद्गुरू. १९११ मध्ये त्याच्यासाठी ऑर्डर ऑफ द स्टार ही संघटना. बापाने मुलं परत मिळावीत म्हणून कोर्टात धाव घेतली, मद्रासला जिंकला, १९१४ ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये हरला.

मग १९२५ मध्ये धाकटा भाऊ नित्या क्षयाने गेला. तो वाचणार असं 'महात्म्यांचं' आश्वासन होतं म्हणे. तिथे काहीतरी तुटलं असणार. ३ ऑगस्ट १९२९, हॉलंडमधलं ओमेन, समोर बेझंटबाई आणि तीन हजारांच्या आसपास सभासद, आणि चौतिशीतला माणूस म्हणतो सत्याकडे जाणारी वाट नसते, संघटना बरखास्त. मिळालेली जमीन, वाडा देणाऱ्यांना परत.

लोक म्हणतात थिऑसफीची नाचक्की. मला उलटं वाटतं. ज्यांनी वीस वर्षं घडवलं त्यांच्या तोंडावर हे बोलायची ताकद आली कुठून? पण त्या वाढवण्यात पोराचं बालपण गेलं हेही खरं, बापाचं तर सगळंच गेलं. बेझंटबाई १९३३ ला गेल्या, शेवटपर्यंत त्याच्यावर माया होती. आणि १९८० मध्ये राधा बर्नियर अध्यक्ष असताना कृष्णमूर्ती जवळपास पन्नास वर्षांनी त्या आवारात परत पाऊल टाकते झाले. किनाऱ्यापर्यंत चालत गेले.

तिरकस

+१. माझा 'विषय संपला' मागे घेतो, पण कपबशी मात्र मागे घेणार नाही.

नवशिका

सुरुवातीचे मराठी लोक कोणी नव्हते का यात? सगळे रशियन, अमेरिकन, पारशी, तमिळच दिसतायत.

जुनी_वही

होते तर! तुकाराम तात्या मुंबईचे, त्यांनी स्वस्तात संस्कृत ग्रंथ छापायचा सपाटा लावला होता. पण मला कायम आठवतो तो दामोदर मावळणकर. कऱ्हाडे ब्राह्मण, जन्म अहमदाबादचा, १८५७ चा. १८७९ मध्ये मुंबईत संस्थेत आला, तेव्हा बावीस वर्षांचा सुद्धा नसेल. थिऑसॉफिस्ट मासिकाचं सगळं व्यवस्थापन त्याच्या डोक्यावर, रात्र रात्र जागून पत्रं लिहायचा. १८८० मध्ये मासिकात स्वतःच्या नावाने छापून टाकलं की मी जात सोडली. १८८०! घरच्यांशी वाजलं, वडिलोपार्जित वाटा सोडला. लहानपणी लग्न झालेलं होतं, ती बायको मागे राहिली, तिच्याबद्दल कुठेच फारसं काही लिहिलेलं नाही.

गच्चीवरून

मग? पुढे काय झालं त्याचं?

जुनी_वही

कुलों प्रकरणात सगळे त्याच्यावर पण चिखल उडवत होते. फेब्रुवारी १८८५ मध्ये अड्यार सोडलं, तब्येत धड नव्हती, क्षयाची शंका होती. कलकत्ता, दार्जिलिंग, मग सिक्कीम. त्याला गुरूंकडे तिबेटात जायचं होतं. सिक्कीमच्या वाटेवर हमालांना सामान घेऊन परत पाठवलं आणि एकटाच पुढे गेला. डायरी एप्रिलपर्यंत आहे. नंतर बर्फात प्रेत सापडल्याच्या अफवा उठल्या, तो पोचला असं मानणारेही होते. आजोबा पोचला असंच म्हणायचे, आणि विषय निघाला की चश्मा काढून पुसत बसायचे.